विश्लेषण : पापमुक्तीपत्रांमुळेच युरोप पेटला का? इतिहासातील ‘कारणे लिहा’ हा प्रश्न वाटतो तितका सोपा का नाही?

इतिहासाच्या प्रश्नपत्रिकेत ‘कारणे लिहा’ हमखास असते आणि उत्तराचा साचाही ठरलेला असतो. राजकीय, सामाजिक, आर्थिक, धार्मिक आणि शेवटी तात्कालिक कारण. १८५७ च्या उठावासाठी काडतुसे, तर सोळाव्या शतकातील युरोपच्या धर्मसुधारणा चळवळीसाठी पापमुक्तीपत्रांची विक्री. यात गुण मिळतात. पण उलथापालथ तेव्हाच का झाली, शंभर वर्षे आधी का नाही, हे कळत नाही. धर्मसुधारणेचे उदाहरण त्यासाठी तपासण्यासारखे आहे.

१५१७ मध्ये नेमके काय घडले?

जर्मनीतील विटेनबर्ग विद्यापीठात धर्मशास्त्र शिकवणाऱ्या मार्टिन ल्यूथरने ३१ ऑक्टोबर १५१७ रोजी माइन्झचा आर्चबिशप आल्ब्रेख्त याला पत्र पाठवले. सोबत पापमुक्तीपत्रांवर आक्षेप घेणारे ९५ मुद्दे होते. चर्चच्या दारावर कागद ठोकणारा ल्यूथर हे पाठ्यपुस्तकांचे लाडके चित्र. मात्र त्याने स्वतः ते कुठेही लिहून ठेवलेले नाही. ती हकीकत छापून आली १५४६ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर.

पापमुक्तीपत्र म्हणजे पापाबद्दल भोगावी लागणारी शिक्षा कमी करणारे चर्चचे पत्र. मृत नातेवाइकांसाठीही ते घेता येई. पैसे मोजून स्वर्ग मिळत असेल तर पश्चात्तापाचे काय, हा ल्यूथरचा प्रश्न अस्सल धार्मिक होता.

मग हे ‘धार्मिक कारण’ म्हणायचे का?

इथेच साचा अपुरा पडतो. आल्ब्रेख्तकडे आधीच माग्डेबर्गचे आर्चबिशपपद होते. १५१४ मध्ये त्याला माइन्झचेही मिळाले. एकाहून अधिक पदे ठेवण्याची परवानगी मिळवण्यासाठी रोमला मोठी रक्कम द्यावी लागली आणि ती त्याने आउग्सबुर्गच्या फुगर या सावकार घराण्याकडून कर्जाऊ घेतली. कर्ज फिटावे म्हणून त्याच्या प्रदेशात पापमुक्तीपत्रांची विक्री सुरू झाली. निम्मे उत्पन्न फुगरांकडे, निम्मे रोममधील सेंट पीटर्स बॅसिलिकाच्या बांधकामासाठी. म्हणजे एकच पत्र विकत घेणाऱ्यासाठी श्रद्धेचा विषय, आर्चबिशपसाठी कर्जफेडीचा हप्ता आणि पोपसाठी बांधकाम निधी. ते कोणत्या रकान्यात लिहायचे?

गंमत म्हणजे, सॅक्सनीचा इलेक्टर फ्रेडरिक याने आपल्या प्रदेशात या विक्रीला बंदी घातली होती. त्याचा स्वतःचा पवित्र अवशेषांचा संग्रह होता. १५२० पर्यंत त्यात १९ हजारांहून अधिक वस्तू जमल्या होत्या आणि त्यांच्या दर्शनानेही पापमुक्ती मिळते, असे मानले जाई. बाहेरचा विक्रेता त्याला नकोच होता. ल्यूथरचा पुढचा पाठीराखा तो हाच.

शंभर वर्षे आधी का नाही?

वर्गात विचारायलाच हवा असा हा प्रश्न आहे. प्रागमधील धर्मोपदेशक यान हुसने १४१२ मध्ये पापमुक्तीपत्रांच्या विक्रीला जाहीर विरोध केला. चर्चची अवस्था तेव्हा अधिकच बिकट होती, एकाच वेळी तीन पोप हक्क सांगत होते. राजा सिगिस्मुंडने अभयपत्र दिल्यावर हुस कॉन्स्टन्सच्या धर्मसभेत गेला आणि ६ जुलै १४१५ रोजी त्याला जिवंत जाळण्यात आले. त्यानंतर बोहेमियात दीड दशक युद्धे झाली, पण लोण युरोपभर पसरले नाही.

गाऱ्हाणे तेच, परिणाम वेगळे. म्हणजे केवळ गाऱ्हाण्याने उलथापालथीचा उलगडा होत नाही. हुसच्या वेळी छापखाना नव्हता. ल्यूथरने १५१८ मध्ये सामान्यांच्या जर्मन भाषेत लिहिलेली पापमुक्तीपत्रांवरील छोटी पुस्तिका दोन-तीन वर्षांत वीसहून अधिक वेळा छापली गेली. विटेनबर्गचा वाद बाजारात पोहोचला.

त्याहून कमी शिकवले जाणारे कारण म्हणजे एक निवडणूक. जानेवारी १५१९ मध्ये सम्राट माक्सिमिलियन मरण पावला. नवा सम्राट सात इलेक्टर निवडणार होते आणि फ्रेडरिक त्यांपैकी एक. स्पेनचा चार्ल्स किंवा फ्रान्सचा फ्रान्सिस सम्राट होऊ नये म्हणून पोप दहावा लिओ फ्रेडरिकची मनधरणी करत होता. अशा वेळी त्याच्या प्राध्यापकाला पकडून मागणे परवडणारे नव्हते. ल्यूथरवरील कारवाई रेंगाळली. त्याला चर्चबाहेर काढेपर्यंत जानेवारी १५२१ उजाडला. त्याच वर्षी वर्म्सच्या सभेनंतर तो गुन्हेगार ठरला, तेव्हा फ्रेडरिकने त्याला वार्टबुर्गच्या किल्ल्यात लपवले. हुसला असा इलेक्टर मिळाला नव्हता.

एक कारण वगळून पाहा, ही कसोटी म्हणूनच उपयोगी. फ्रेडरिक नसता तर? छापखाना नसता तर? उत्तरे अंदाजाचीच असतील, पण कोणते कारण कशावर उभे आहे हे विद्यार्थ्याला तपासावे लागते.

कारणे कोण निवडतो?

घटनेला दिलेले नावही कारणे ठरवते. १८५७ ला ‘शिपायांचे बंड’ म्हटले की काडतुसे पुरेशी वाटतात. ‘स्वातंत्र्यसमर’ म्हटले की खालसा केलेली संस्थाने आणि जमीन महसूल पुढे येतो. १५२४-२५ च्या जर्मन शेतकरी युद्धाचेही तसेच. फ्रेडरिक एंगेल्सने १८५० मध्ये त्यावर पुस्तक लिहिले, ते १८४८ च्या क्रांत्या फसल्यानंतर. त्याला तिथे धर्माच्या भाषेआडचा वर्गसंघर्ष दिसला. धर्म हा निव्वळ मुखवटा होता, असे त्यावरून शिकवणे सोयीचे असते. पण त्या शेतकऱ्यांचा स्वतःचा दस्तावेज उपलब्ध आहे.

मार्च १५२५ मध्ये मेमिंगेन येथे शेतकऱ्यांनी १२ कलमी मागण्या मांडल्या. गावाला आपला धर्मोपदेशक निवडू द्यावा, जंगलातील लाकूड मिळावे, वेठ व खंड कमी करावा, अशा त्या होत्या. तिसऱ्या कलमात भूदासत्व रद्द करण्याची मागणी होती. तिचे समर्थन असे की, ख्रिस्ताने आपल्या रक्ताने मेंढपाळापासून उच्चपदस्थापर्यंत सर्वांना सोडवले आहे, तेव्हा कोणी कोणाच्या मालकीचा असू शकत नाही. मागणी पोटाची, आधार बायबलचा. ल्यूथरला हा अर्थ मान्य नव्हता. उठाव चिरडून काढा, असे त्याने त्याच वर्षी सरदारांना लिहिले. या युद्धात ७० हजार ते १ लाख माणसे मारली गेली, असा अंदाज आहे. त्यांतील बहुतेक शेतकरी होते.