लांडगा सोडला कोणी?

नोव्हेंबर १९९२. आल्प्सच्या दक्षिण टोकाला, फ्रान्स आणि इटलीच्या सीमेवर असलेल्या मेर्कांतूर राष्ट्रीय उद्यानात रानटी जनावरांची मोजदाद चालू असताना कर्मचाऱ्यांना दोन लांडगे दिसले. सरकारी बक्षिसं, बंदुका आणि विष यांनी १९३०च्या दशकापर्यंत फ्रान्समधला लांडगा संपवला होता. म्हणजे अर्ध्या शतकानंतर तो परतला होता, आणि तरीही ही बातमी त्या खोऱ्यातल्या मेंढपाळांना कुणी सांगितली नाही. सरकारी यंत्रणेने ती काही महिने आपल्यापाशीच ठेवली. १९९३च्या वसंतात ती बाहेर आली, तीही एका निसर्गविषयक मासिकातून. ज्यांच्या मेंढ्या त्याच डोंगरावर चरणार होत्या, त्यांना ती मासिक विकत घेणाऱ्या शहरी वाचकांच्याही नंतर कळली.

गुप्ततेची बाजू मांडता येते. दोनच लांडगे होते, आणि त्यांचा ठावठिकाणा फुटला असता तर कुणीतरी त्यांना गोळी घातली असती, ही भीती अगदी रास्त होती. पण त्या काही महिन्यांच्या मौनाची किंमत फ्रान्सचं वन्यजीव खातं तीस वर्षांहून अधिक काळ चुकवत आहे. मेंढपाळांनी साधा प्रश्न विचारला: यात लपवण्यासारखं काही नव्हतं, तर लपवलं का? आणि त्याचं उत्तरही त्यांनीच देऊन टाकलं: लांडगे आले नाहीत, आणून सोडले. कुणी म्हणे ट्रकमधून, कुणी म्हणे रात्री.

शास्त्राचं उत्तर वेगळं आणि पुराव्याने भक्कम आहे. इटलीत १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला जेमतेम शंभर लांडगे उरले होते, मुख्यतः मध्य आणि दक्षिण अपेनाइन पर्वतात. तिथे त्यांना कायद्याचं संरक्षण मिळालं, डोंगरी गावं ओस पडत गेली, पडीक शेतांवर जंगल वाढलं, हरणं आणि रानडुकरं परतली. लांडगे डोंगराच्या कण्याने उत्तरेकडे सरकत जेनोव्हाच्या मागून आल्प्समध्ये शिरले. फ्रान्समध्ये गोळा केलेल्या विष्ठा आणि केसांच्या तपासणीत इटलीच्या लांडग्याची खास जनुकीय खूण सापडली. तरुण लांडगा कळप सोडून शेकडो किलोमीटर चालत जातो, त्यामुळे या प्रवासात अशक्य असं काही नव्हतं. तरीही वाद इतका पेटला की २००२ मध्ये फ्रान्सच्या संसदेने चौकशी समिती नेमली. तिचा अहवाल २००३ मध्ये आला. अफवा मात्र संपली नाही.

प्रयोगशाळेचा दाखला दाखवूनही माणसं का मानत नाहीत? इझाबेल मोझ ही फ्रेंच आणि केटिल स्कोगेन व ओल्वे क्रांगे हे नॉर्वेजियन समाजशास्त्रज्ञ या प्रश्नाच्या मागे लागले, कारण नॉर्वेतही अगदी हीच कथा सांगितली जात होती. तिथले लांडगे फिनलंड-रशियाच्या बाजूने चालत आले, असं जनुकीय तपासण्या सांगतात. खेड्यातले शिकारी आणि मेंढ्या पाळणारे मात्र ते शहरी निसर्गप्रेमींनी गुपचूप आणल्याचं सांगत राहतात. अशा कथांना अडाणीपणा म्हणून निकालात काढू नये, असं या अभ्यासकांनी २००८ मध्ये मांडलं. आपल्या डोंगराबद्दलचे निर्णय दूरच्या कचेरीत होतात, आपलं ज्ञान तिथे ज्ञान मानलं जात नाही, हा अनुभव त्या कथेत बोलत असतो. हे म्हणणं पटण्यासारखं आहे. ‘लांडगा आपसूक आला’ असं मानलं तर भांडायला समोर कुणीच उरत नाही. ‘सोडला’ म्हटलं की जबाबदार माणूस समोर येतो.

मराठी वाचकाला हे परकं वाटू नये. ‘वनखात्यानं बिबटे आणून सोडले’ हे वाक्य जुन्नर-आंबेगावपासून संगमनेर-अकोल्यापर्यंतच्या उसाच्या पट्ट्यात वर्षानुवर्षं ऐकू येतं. उसाच्या फडात जन्मलेल्या बिबट्याला कुणी आणून सोडलेलं नसतं. पण त्या वाक्याच्या पोटात एक खरी घटना आहे. २००१ ते २००३ या काळात जुन्नर भागातून शंभराहून अधिक बिबटे पिंजऱ्यांत पकडले गेले आणि त्यांपैकी २९ जवळपासच्या जंगलांत, सरासरी चाळीसेक किलोमीटरवर, सोडले गेले. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, त्याआधी जुन्नरमध्ये माणसांवर वर्षाला सरासरी चार हल्ले होत. ही मोहीम सुरू झाल्यावर ते सतरावर गेले. हेतू गावकऱ्यांच्या रक्षणाचा होता, परिणाम उलटा झाला. बिबटे सोडल्याची गोष्ट गावकरी सांगत होते, तेव्हा त्यांचा तपशील चुकला असेल. नाडी मात्र त्यांच्या हाताला लागलेली होती.

फ्रान्समध्ये सरकारने लांडगा सोडला नाही आणि लोक म्हणाले, सोडला. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात तो उघडपणे, मतदान घेऊन सोडला. तिथे तरी विश्वास टिकायला हवा होता.

नोव्हेंबर २०२० मध्ये कोलोरॅडोच्या मतदारांपुढे प्रश्न होता: १९४०च्या दशकात राज्यातून नाहीसा झालेला लांडगा परत आणायचा का? अमेरिकेत असा निर्णय मतपेटीतून होण्याची ही पहिलीच वेळ. जवळजवळ ५१ टक्के मतांनी ‘होय’ आलं. पण ती मतं कुठून आली ते पाहावं लागतं. डेन्व्हर, बोल्डर अशा पूर्वेकडच्या शहरांनी प्रस्ताव तारला. लांडगे सोडायचे होते ते रॉकी पर्वताच्या पश्चिम उतारावर, आणि तिथल्या बहुतेक जिल्ह्यांनी ‘नाही’ म्हटलं होतं. मतमोजणी प्रामाणिक होती. तरी गुरं पाळणाऱ्या कुटुंबांच्या दृष्टीने, ज्यांच्या कुरणात लांडगा येणार नाही त्यांनी तो दुसऱ्यांच्या कुरणात पाठवला होता.

अंमलबजावणीची जबाबदारी ‘कोलोरॅडो पार्क्स अँड वाइल्डलाइफ’ या राज्याच्या वन्यजीव खात्यावर आली. मुदत २०२३ अखेरची. शेजारच्या वायोमिंगसह काही राज्यांनी लांडगे द्यायला नकार दिला. ओरेगनने दहा देऊ केले. १८ डिसेंबर २०२३ रोजी पहिले पाच लांडगे ग्रँड काउंटीत सोडले गेले. गव्हर्नर जॅरेड पोलिस तिथे हजर होते. जागा आधी जाहीर केलेली नव्हती, त्यामुळे आसपासच्या पशुपालकांना बातमी नंतर कळली. मेर्कांतूरचीच चूक एकतीस वर्षांनी, महासागराच्या पलीकडे पुन्हा झाली.

मग दुसरी गोष्ट बाहेर आली. ज्यांना जनावरं मारण्याची सवय लागली आहे असे लांडगे, किंवा जिथे असे हल्ले सतत चालू आहेत अशा भागातले लांडगे आणू नयेत, असं राज्याच्या आराखड्यात लिहिलेलं होतं. प्रत्यक्षात आणलेल्यांपैकी काही, ओरेगनमध्ये गुरांवर हल्ले केलेल्या कळपांतले होते. ते हल्ले ‘सतत’ या व्याख्येत बसत नाहीत, असा खात्याचा युक्तिवाद. कागदावर तो कदाचित टिकेलही. पण व्याख्या कचेरीत ठरते आणि वासरू कुरणात मरतं, त्यामुळे पशुपालकांना तो युक्तिवाद पळवाट वाटला, आणि त्यांना दोष देता येत नाही. ही माहिती खात्याने लांडगे सोडण्याआधी स्वतःहून दिली असती, तर राग आला असता, पण फसवणुकीची भावना आली नसती. त्या दोन गोष्टींत मोठं अंतर आहे.

एप्रिल २०२४ पासून ग्रँड काउंटीत वासरं आणि मेंढ्या मरू लागल्या. पशुपालकांनी हल्लेखोर जोडीला मारण्याची परवानगी मागितली. पिल्लं होण्याचे दिवस होते. खात्याने नकार दिला. उन्हाळाभर हल्ले होत राहिले आणि अखेर खात्याने ‘कॉपर क्रीक’ नावाची ती टोळीच पकडायचं ठरवलं. पकडल्यावर नर मेला. त्याच्या पायाला आधीच गोळी लागलेली होती. जानेवारी २०२५ मध्ये मादी आणि पिल्लं, कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियातून आणलेल्या पंधरा लांडग्यांबरोबर, पुन्हा सोडली गेली. यात पशुपालक तर दुखावलेच. लांडग्यांसाठी झटणारेही दुखावले, कारण खात्याने वेळेवर राखणदार आणि कुंपणाची मदत दिली असती तर ही टोळी वाचली असती, असं त्यांचं म्हणणं होतं. एकाच खात्यावर दोन्ही बाजूंचा विश्वास उडाला.

भरपाईत मात्र कोलोरॅडोने हात आखडला नाही, हे सांगायला हवं. एका जनावरामागे पंधरा हजार डॉलरपर्यंत रक्कम मिळू शकते, आणि नुसतं मेलेलं जनावर मोजलं जात नाही. भेदरलेल्या कळपात वासरांचं वजन घटतं, गाभण राहण्याचं प्रमाण उतरतं, तेही धरलं जातं. मार्च २०२५ मध्ये दोन पशुपालकांना मिळून ३ लाख ४० हजार डॉलरहून अधिक रक्कम मंजूर झाली. भरपाईसाठी वर्षाला ठेवलेली तरतूद साडेतीन लाखांची होती. म्हणजे दोन दाव्यांतच ती संपत आली.

पैसा पोहोचतो, पण त्याआधी हल्ला लांडग्याचाच होता हे कोण ठरवणार, हा प्रश्न उरतो. जनावर हल्ल्यात मेलं की आधीच मेलेलं होतं, हे दाताच्या खुणांवरून आणि कातड्याखालच्या रक्तस्रावावरून ओळखतात. पण गिधाडांनी फाडलेल्या किंवा चार दिवस उन्हात पडलेल्या सांगाड्यावर काही दिसत नाही. ज्या मेंढ्या घाबरून कड्यावरून कोसळतात त्यांच्या अंगावर तर दाताची खूणच नसते. आपल्याकडे रानोमाळ फिरणाऱ्या धनगराला पंचनामा होईपर्यंत मेलेल्या मेंढराजवळ थांबायचं की कळपाबरोबर पुढे जायचं, ही निवड करावी लागते आणि बहुतेक वेळा भरपाईवर पाणी सोडावं लागतं. फ्रान्सने इथे एक शहाणपणाचा नियम केला: लांडग्याची शक्यता नाकारता येत नसेल, तर भरपाई द्यायची. शंकेचा फायदा मेंढपाळाला. सगळ्या जुन्या भांडणात सरकारने मेंढपाळाच्या शब्दाला वजन दिल्याची ही एक ठोस जागा आहे.

तेवढ्याने राग शमला असं मात्र नाही. सप्टेंबर २०१५ मध्ये सव्हॉय भागात पन्नासेक पशुपालकांनी व्हानवाज राष्ट्रीय उद्यानाच्या अध्यक्षांना आणि संचालकांना रात्रभर अडवून धरलं. मागणी होती सहा लांडगे मारण्याची. सकाळपर्यंत ती प्रशासनाने मान्य केली. ज्या मागणीसाठी वर्षानुवर्षं अर्ज करूनही कुणी ऐकत नव्हतं, ती एका रात्रीत मान्य होते, असा धडा त्यातून त्या भागाला मिळाला, आणि शासनाच्या दृष्टीने याहून वाईट धडा दुसरा नसावा.

आता झगडा आकड्यावर आला आहे. फ्रान्समध्ये लांडगा संरक्षित आहे, पण दरवर्षी अंदाजित संख्येच्या ठरावीक टक्के (२०२५ मध्ये साधारण १९) लांडगे मारता येतात, म्हणून एकूण संख्या किती ठरते यावर बंदुकीच्या परवानगीचा हिशेब बांधलेला असतो. २०२२ मध्ये आधी ९२१ हा अंदाज जाहीर झाला आणि पुढे जनुकीय नमुन्यांची तपासणी पूर्ण झाल्यावर तो अकराशेच्या घरात गेला. संख्याशास्त्रात अशी दुरुस्ती रोजची गोष्ट. मेंढपाळ संघटनांना त्यात तीस वर्षांपूर्वीचं मौन पुन्हा ऐकू आलं. म्हणून आज ही मोजणी ज्या जाळ्यावर उभी आहे ते पाहण्यासारखं आहे. विष्ठा, केस, बर्फातले ठसे गोळा करणाऱ्या प्रशिक्षित माणसांत वनरक्षकांबरोबर शिकारी आणि पशुपालकही आहेत. ज्या खोऱ्यात मेंढपाळाने स्वतः नमुना पिशवीत भरून पाठवला आणि त्याचा अहवाल त्याच्याच पत्त्यावर परत आला, तिथे निदान मोजणीचा एक धागा त्याच्या हातात असतो. १९९२ मध्ये कुणी तो त्याला दिला नव्हता.