दारातील गटार, घरातील आजारपण

पावसाळा तोंडावर आला की गटारे उपसण्याचे काम सुरू होते. काढलेला गाळ गटाराच्याच काठावर ठेवला जातो आणि पहिल्या दोन सरींत तो पुन्हा गटारात जाऊन बसतो. हे दृश्य आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहे. परंतु या गटाराचा आणि घरातल्या तापाचा, जुलाबाचा, काविळीचा संबंध किती जवळचा आहे याचा विचार आपण फारसा करत नाही. औषधाच्या चिठ्ठीवर गटार लिहून देता येत नाही, म्हणून आज या सदरात त्याविषयी लिहीत आहे.

रस्त्याकडेचे गटार हे पाणी वाहून नेण्यासाठी असते, साठवण्यासाठी नव्हे. पाणी सेकंदाला साधारण दोन फूट वेगाने वाहिले तर गाळ तळाशी बसत नाही. वेग कमी झाला की गाळ बसतो, गाळाने उतार जातो आणि पाणी थांबते. बहुतेक ठिकाणी ही सुरुवात मोरीपाशी होते. स्कूटर किंवा गाडी दारात यावी म्हणून आपण गटारात एक पाइप टाकतो आणि वर मुरूम किंवा काँक्रीट करतो. आता हिशेब पाहा. त्याच उतारावर बारा इंची पाइपाऐवजी सहा इंची पाइप टाकला, तर जाणारे पाणी निम्मे होत नाही. ते जेमतेम सहावा हिस्सा उरते. एका घराने पैसे वाचवले की वरच्या बाजूच्या दहा घरांपुढे पाणी तुंबते.

डासांविषयी एक गैरसमज

"डॉक्टर, गल्लीत डेंग्यू आहे, गटारावर फवारणी करायला सांगा," असे मला दरवर्षी ऐकावे लागते. डेंग्यूचा डास दिवसा चावतो आणि तो स्वच्छ, साठलेल्या पाण्यात वाढतो. माठ, रांजण, कूलर, गच्चीवरचे टायर, झाकण नसलेली टाकी ही त्याची घरे. गटाराच्या घाण पाण्यात वाढतो तो क्युलेक्स. तो रात्री चावतो आणि हत्तीरोग पसरवतो. आपल्या राज्यात नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या भागांना हा रोग नवा नाही. सुजलेला पाय पुन्हा पूर्ववत होणे फार कठीण असते.

म्हणजे डेंग्यूसाठी घरात पाहावे लागते आणि हत्तीरोगासाठी दारात. अंड्यापासून उडणारा डास तयार व्हायला उष्ण हवेत सुमारे आठ-दहा दिवस लागतात. आठवड्यातून एकदा भांडी कोरडी केली आणि गटार वाहते ठेवले, तर हे चक्र तुटते. चुन्याची रेघ ओढल्याने साचलेले पाणी हलत नाही.

नळाचा पाइप गटारातून

माझ्या मते सर्वांत मोठा धोका हा आहे. लहान गावांत घराघरांत गेलेले नळाचे पाइप गटारातूनच ओलांडलेले असतात. पाइप गंजतो, सांधा सैल होतो. पाणी सुरू असेपर्यंत ते बाहेर गळते. पाणी बंद झाले की पाइप रिकामा होतो आणि बाहेरचे घाण पाणी आत शिरते. त्यात कोणी नळाला थेट मोटार लावली, तर ते अधिकच जोराने ओढले जाते. दुसऱ्या दिवशी पहिल्या पाच-दहा मिनिटांत घरात येते ते हेच पाणी.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एकाच गल्लीतून काविळीचे सात रुग्ण पंधरवड्यात आले. त्यांत एक सात महिन्यांची गरोदर स्त्री होती. दूषित पाण्यातून होणारी 'ई' प्रकारची कावीळ एरवी बहुतेकांना आपोआप बरी होते. परंतु गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत ती जीव घेऊ शकते. तिला तातडीने मोठ्या रुग्णालयात पाठवले. ती वाचली, बाळ मात्र गेले. पुढे शोध घेतला तेव्हा गळका सांधा एका ओट्याखाली सापडला. तो ओटा गटारावरच बांधलेला होता, त्यामुळे तिथला गाळ कित्येक वर्षांत कोणी काढलाच नव्हता.

ही कावीळ जंतू पोटात गेल्यावर महिना-दीड महिन्याने दिसते. तोवर पाण्याला आलेला वास लोक विसरून गेलेले असतात. दिल्लीत 1955-56 साली यमुनेतून घेतलेल्या पाण्यात सांडपाणी मिसळले आणि सुमारे 29 हजार लोकांना कावीळ झाली. आपल्याकडे 2012 मध्ये इचलकरंजीने काविळीची मोठी साथ सोसली आहे.

तुंबलेल्या पाण्यातून चालताना

मोरी तुंबली की पाणी रस्त्यावर येते आणि त्यात उंदरांचे मूत्र मिसळलेले असते. पायाला जखम किंवा भेगा असतील तर त्यातून लेप्टोचे जंतू शरीरात शिरतात. 26 जुलै 2005 च्या पुरानंतर मुंबईत याचा अनुभव आला. पाण्यातून चालल्यानंतर काही दिवसांनी जोराचा ताप, पोटऱ्यांत कळा आणि डोळे लाल, अशी लक्षणे दिसली तर घरी गोळ्या घेत बसू नका. डॉक्टरांना "मी साचलेल्या पाण्यातून चाललो होतो" हे आवर्जून सांगा. उपचार लवकर झाले तर रोग बरा होतो.

नियम काय सांगतात

शहरात गटारे व मोऱ्या बांधणे आणि त्या साफ ठेवणे हे नगरपरिषदेचे बंधनकारक कर्तव्य आहे. महाराष्ट्र नगरपरिषदा अधिनियम, 1965 मधील कलम 49 मध्ये ते दिलेले आहे. खेड्यात ही जबाबदारी ग्रामपंचायतीची. त्याचबरोबर, सार्वजनिक रस्त्यावर किंवा त्याच्या कडेच्या गटारावर ओटा, पायरी, भिंत असा अडथळा उभारणे हा अपराध आहे. ग्रामपंचायत अधिनियमाचे कलम 53 याचसाठी आहे, आणि नगरपरिषदेच्या कायद्यातही तशी तरतूद आहे. तेव्हा दारात मोरी टाकायची असेल तर आधी लेखी परवानगी घ्यावी आणि पाइप किती इंची असावा हे तेथील अभियंत्यालाच विचारावे.

तक्रार कोठे करायची, हाही प्रश्न असतो. राज्यमार्ग व प्रमुख जिल्हा मार्गावरील मोरी साधारणपणे सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, इतर जिल्हा मार्ग व ग्राममार्गावरील मोरी जिल्हा परिषदेकडे आणि गावातील गल्ल्या नगरपरिषदेकडे किंवा ग्रामपंचायतीकडे असतात. अर्ज लेखी द्या, त्यावर जागेची खूण लिहा आणि पोचेची सही घ्या. तोंडी तक्रारीला पुरावा नसतो.

आपल्या हातात काय आहे

1. संडासाच्या टाकीचे पाणी गटारात सोडू नका. जागा असेल तेथे सांडपाण्यासाठी शोषखड्डा घ्या. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णी गावाचे नाव याच कामामुळे झाले.

2. नळाचा पाइप गटारातून जात असेल तर तो वर उचलून घ्या, किंवा निदान त्यावरून सांधा नसलेला मोठा पाइप बसवा.

3. नळाला थेट मोटार लावू नका. पहिले पाणी धुण्याभांड्याला वापरा, पिण्यासाठी नंतरचे भरा. पाण्याला वास आला किंवा गल्लीत कावीळ असेल तर पाणी खळखळून उकळूनच प्या.

4. ग्रामपंचायतीत टीसीएल पावडर टाकली जाते का, ओ.टी. टेस्ट होते का, हे विचारा. विचारणारा असला की काम होते.

5. काढलेला गाळ त्याच दिवशी उचलला जाईल हे पाहा. गटार साफ करणाऱ्या कामगारांना बूट आणि हातमोजे मिळतात का, हेही पाहा. लेप्टोचा पहिला धोका त्यांनाच असतो.

येत्या रविवारी अर्धा तास काढा आणि आपल्या दारापासून पुढच्या मोरीपर्यंत गटाराच्या कडेने चालत जा. पाणी कोठे थांबले आहे, पाइप कोठे बुडाला आहे, कोणाचा ओटा पुढे आला आहे, हे लिहून घ्या. तो ओटा आपलाच निघाला, तर अर्ज करण्याची गरजच नाही.