काँक्रीटच्या पोटातला वायू

घोटीहून भंडारदऱ्याकडे निघालेला रस्ता पुढे घाटघरला पोहोचतो. तिथल्या 250 मेगावॉटच्या उदंचन जलविद्युत प्रकल्पाची धरणे रोलरने दाबलेल्या काँक्रीटची आहेत, आणि भारतात या पद्धतीची धरणे पहिल्यांदा इथेच झाली. कोरडसर मिश्रण थराथराने पसरायचे आणि रस्ता करतात तसे रोलरखाली दाबायचे. त्यात सिमेंटची बरीच जागा औष्णिक वीजकेंद्राच्या राखेने घेतली, कारण नुसते सिमेंट घट्ट होताना इतकी उष्णता सोडते की एवढ्या जाड भिंतीला तडे जावेत. हेतू तडे टाळण्याचाच होता. तरीही काँक्रीटमध्ये कार्बन डायऑक्साइड साठवण्याच्या आजच्या कल्पनेची पारख करायला मला हेच धरण फार उपयोगी वाटते.

क्लिंकर, म्हणजे दळून सिमेंट करायचा मूळ घटक, भाजताना, इंधनाचा धूर सोडला तरी, दर टनामागे सुमारे अर्धा टन वायू एकट्या चुनखडीतून निघतो. पुढे काँक्रीट तोच वायू हवेतून सावकाश शोषते आणि त्याचे पुन्हा कॅल्शियम कार्बोनेट होते. 2016 मध्ये ‘नेचर जिओसायन्स’मध्ये आलेल्या अभ्यासानुसार 1930 ते 2013 या काळात चुनखडीतून सुटलेल्या वायूपैकी सुमारे 43 टक्के असा परत शोषला गेला. आकडा दिलासा देणारा आहे, पण त्यातला सर्वांत मोठा वाटा गिलाव्याचा आणि दर्जांतल्या मसाल्याचा, म्हणजे पातळ थरांचा. घाटघरच्या भिंतीच्या गाभ्यापर्यंत हवा पोहोचायचीच नाही. स्लॅब आणि खांबांत ती पोहोचते, पण तिथे सळई असते. वायूने काँक्रीटची अल्कता उतरली की सळई गंजू लागते. म्हणून साठवणीला योग्य जागा उरतात त्या बिनसळईच्या: पेव्हर, भिंतीचे ब्लॉक आणि पाडकामाचा चुरलेला राडारोडा. सिमेंट क्षेत्रासाठी केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने मे 2025 मध्ये वायू पकडून वापरण्याची पाच चाचणी केंद्रे जाहीर केली. त्यांत मुंबईची आयआयटी आहे, आणि बल्लभगडच्या केंद्रात हा वायू हलक्या ब्लॉकांत घालून पाहायचा आहे.

राखेचे काँक्रीट मोकळा चुना आधीच संपवते, मग ते वायू कमीच शोषणार, असा आक्षेप घेतला जातो. तो खरा आहे. पण शोषण कितीही झाले तरी चुनखडीतून गेलेलेच परत येते, इंधनाचा वायू येत नाही. राखेमुळे न भाजलेला क्लिंकर मात्र दोन्ही वाचवतो, आणि तेही पहिल्याच दिवशी. राख कोळशाचीच, कोळसा थांबला की तीही थांबेल, हा आक्षेप जास्त वजनाचा आहे. त्यावर भाजलेली माती आणि चुनखडीची भुकटी घातलेले सिमेंट हे एक उत्तर आहे. त्याचे भारतीय मानक 2023 मध्ये आले. दुसरे घोटीच्या भातगिरण्यांतच पडून असते. तूस बेताच्या आचेवर जाळले, तर वजनाच्या साधारण पाचव्या हिश्शाइतकी राख उरते आणि ती बहुतांश क्रियाशील सिलिका असते. आच वाढली की तिचे स्फटिक होतात आणि गुण जातो, त्यामुळे वाटेल त्या भट्टीतली राख चालणार नाही. वायू साठवल्याचा दावा करणाऱ्या ब्लॉक कारखान्याला म्हणूनच मी आधी विचारीन: यात क्लिंकर किती घातला, आणि वायू इथवर आणताना किती डिझेल जळले?