संसदीय वादचर्चा आणि सामान्य सदस्य : फिरोज गांधी यांचे योगदान

संसदीय लोकशाहीत कायदे करणे हे संसदेचे एक कार्य असले, तरी तेच तिचे एकमेव कार्य नव्हे. शासनाला जाब विचारणे, सार्वजनिक पैशाच्या विनियोगावर लक्ष ठेवणे आणि राष्ट्रीय प्रश्नांची चर्चा जनतेपर्यंत पोहोचविणे ही कार्येही तितकीच महत्त्वाची आहेत. ती पार पाडण्यासाठी सदस्य मंत्री अथवा विरोधी पक्षाचा नेता असावा लागत नाही. पहिल्या आणि दुसऱ्या लोकसभेचे सदस्य फिरोज गांधी (१९१२-१९६०) यांची कारकीर्द हे त्याचे ठळक उदाहरण होय. त्यांनी कोणतेही मंत्रिपद भूषविले नाही. ते सत्ताधारी काँग्रेस पक्षाचे सदस्य आणि पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांचे जामात होते. तरीही १९५५ ते १९५८ या अल्प काळात त्यांच्या संसदीय कार्याचा ठसा विमा व्यवसाय, वृत्तपत्रस्वातंत्र्य आणि मंत्र्यांची जबाबदारी या तीन क्षेत्रांवर उमटला.

विमा व्यवसायावरील चर्चा

मुंबईत जन्मलेले फिरोज गांधी १९५२ आणि १९५७ च्या निवडणुकांत उत्तर प्रदेशातील रायबरेली भागातून लोकसभेवर निवडून आले. ‘नॅशनल हेरल्ड’ या वृत्तपत्राच्या व्यवस्थापनाचा अनुभव त्यांच्या पाठीशी होता. हिशेब, ताळेबंद आणि कंपन्यांचे अहवाल वाचण्याची सवय त्यांना संसदेत उपयोगी पडली.

त्या काळी आयुर्विम्याचा व्यवसाय खाजगी कंपन्यांच्या हाती होता. विमेदारांनी हप्त्यांच्या रूपाने भरलेली रक्कम दीर्घकाळ कंपनीकडे राहते. ती रक्कम कंपनीचे मालक आपल्याच अन्य उद्योगांकडे वळवू लागले, तर विमेदाराची आयुष्यभराची बचत धोक्यात येते. डिसेंबर १९५५ मध्ये विमा कायद्यातील दुरुस्तीच्या विधेयकावर बोलताना फिरोज गांधी यांनी नेमकी हीच कार्यपद्धती सभागृहासमोर उलगडून दाखविली. रामकृष्ण दालमिया यांच्या नियंत्रणाखालील भारत इन्शुरन्स कंपनीचा निधी कोणत्या मार्गाने अन्यत्र गेला, याचा तपशील त्यांनी मांडला. या प्रकरणी दालमिया यांच्यावर खटला चालला. त्यांची दोषसिद्धी १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही कायम केली.

१९ जानेवारी १९५६ रोजी केंद्र सरकारने अध्यादेशाद्वारे आयुर्विमा व्यवसायाचे व्यवस्थापन आपल्या हाती घेतले. त्या वेळी चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री होते. पुढे भारतीय व परदेशी विमा कंपन्या आणि भविष्यनिर्वाह संस्था मिळून २४५ संस्थांचा व्यवसाय एकत्र करण्यात आला आणि १ सप्टेंबर १९५६ रोजी भारतीय आयुर्विमा महामंडळ अस्तित्वात आले. राष्ट्रीयीकरणामागे नियोजनासाठी भांडवल उभारण्याची गरज आणि ग्रामीण भागात विमा पोहोचविण्याचा हेतू ही कारणेही होती. त्यामुळे या निर्णयाचे श्रेय एकाच भाषणाला देणे योग्य ठरणार नाही. मात्र हा निर्णय का आवश्यक होता, हे त्या भाषणाने देशासमोर पुराव्यानिशी ठेवले.

संसदेचे कामकाज आणि वृत्तपत्रे

या चर्चेतून एक वेगळाच प्रश्न पुढे आला. संविधानाच्या अनुच्छेद १०५ नुसार संसदेत केलेल्या वक्तव्याबद्दल सदस्यावर न्यायालयीन कारवाई होऊ शकत नाही. सभागृहाच्या प्राधिकाराने प्रसिद्ध झालेल्या वृत्तांतालाही हे संरक्षण आहे. परंतु तेच वक्तव्य वृत्तपत्राने छापले, तर संपादकाला व प्रकाशकाला तसे संरक्षण मिळेलच याची हमी नव्हती. अब्रुनुकसानीच्या भीतीने वृत्तपत्रांनी मौन पाळले, तर सभागृहात झालेली चर्चा सभागृहाच्या भिंतींआडच राहणार होती.

ही उणीव दूर करण्यासाठी फिरोज गांधी यांनी अशासकीय विधेयक मांडले. मंत्री नसलेल्या सदस्याने मांडलेल्या विधेयकास अशासकीय विधेयक म्हणतात. ते मंजूर होऊन ‘संसदीय कामकाज (प्रकाशनास संरक्षण) अधिनियम, १९५६’ हा कायदा झाला. संसदेच्या कामकाजाचा सारतः खरा वृत्तांत जनहितार्थ आणि द्वेषबुद्धी न ठेवता प्रसिद्ध केल्यास त्याबद्दल दिवाणी वा फौजदारी कारवाई होणार नाही, अशी तरतूद त्यात होती. आकाशवाणीसारख्या प्रसारणालाही ती लागू होती. अशासकीय विधेयकाचे कायद्यात रूपांतर होणे ही दुर्मीळ घटना असते. स्वातंत्र्यानंतर अशी केवळ १४ विधेयके संसदेने मंजूर केली असून १९७० नंतर एकही मंजूर झालेले नाही.

या कायद्याचा पुढील प्रवास बोधप्रद आहे. आणीबाणीच्या काळात, १९७६ मध्ये, तो रद्द करण्यात आला. सत्तांतरानंतर १९७७ मध्ये तशाच स्वरूपाचा कायदा पुन्हा करण्यात आला. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३६१क समाविष्ट करून या संरक्षणाला घटनात्मक दर्जा दिला आणि ते राज्य विधानमंडळांच्या कामकाजालाही लागू केले. गुप्त बैठकीचा वृत्तांत मात्र त्यातून वगळला आहे. एका सदस्याने सुचविलेली तरतूद अशा प्रकारे संविधानाचा भाग बनली.

मुंदडा प्रकरण

आयुर्विमा महामंडळाच्या स्थापनेला एक वर्षही पूर्ण होण्यापूर्वी, जून १९५७ मध्ये, महामंडळाने उद्योगपती हरिदास मुंदडा यांच्याशी संबंधित सहा कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटी रुपयांचे भाग खरेदी केले. या कंपन्यांची आर्थिक स्थिती चांगली नव्हती. महामंडळाच्या गुंतवणूक समितीचा सल्लाही आधी घेण्यात आला नव्हता. याविषयी लोकसभेत प्रश्न विचारण्यात आले, परंतु उत्तरांतून व्यवहाराचे पूर्ण चित्र स्पष्ट होत नव्हते.

१६ डिसेंबर १९५७ रोजी या विषयावर चर्चा झाली. फिरोज गांधी यांनी केवळ आरोप केले नाहीत. भागांचे बाजारभाव आणि महामंडळाने दिलेली किंमत यांची तुलना करून त्यांनी व्यवहारातील विसंगती दाखवून दिली. ज्या महामंडळाच्या निर्मितीचे त्यांनी समर्थन केले होते, त्याच महामंडळाच्या कारभाराची त्यांनी चिकित्सा केली. संसदेने स्वतः निर्माण केलेल्या वित्तसंस्थेवर देखरेख ठेवणे हे संसदेचेच कर्तव्य आहे, ही त्यांची भूमिका होती. राष्ट्रीयीकरणाने मालकी बदलते, परंतु दक्षतेची गरज संपत नाही, हा या चर्चेचा गाभा होता.

सरकारने जानेवारी १९५८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती मोहम्मद करीम छागला यांचा एकसदस्यीय चौकशी आयोग नेमला. आयोगाची सुनावणी मुंबईत खुल्या पद्धतीने झाली आणि ती ऐकण्यासाठी नागरिकांची गर्दी होत असे. फेब्रुवारीतच अहवाल सादर झाला. आपल्या सचिवाच्या कृतीची घटनात्मक जबाबदारी मंत्र्यालाच स्वीकारावी लागते, असा निष्कर्ष न्यायमूर्ती छागला यांनी काढला. अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांनी त्याच महिन्यात राजीनामा दिला. १९६२ मध्ये त्यांचे मंत्रिमंडळात पुनरागमन झाले. तथापि, मंत्री व सचिव यांच्या संबंधांची चर्चा होते तेव्हा या प्रकरणाचा दाखला आजही दिला जातो.

संसदीय साधने आणि त्यांची मर्यादा

या तिन्ही प्रसंगांत वापरलेली साधने असाधारण नव्हती. विधेयकावरील भाषण, प्रश्न व उपप्रश्न, सार्वजनिक महत्त्वाच्या विषयावरील चर्चा आणि अशासकीय विधेयक ही साधने प्रत्येक सदस्याला उपलब्ध असतात. त्यांना बळ मिळाले ते कागदपत्रांच्या अभ्यासामुळे. सभागृहातील विशेषाधिकार सदस्याला निर्भयपणे बोलण्याची मुभा देतो. त्या मुभेचा वापर पुराव्याच्या आधारे झाला, तरच शासनाला उत्तर देणे भाग पडते.

या साधनांना मर्यादाही आहेत. चर्चेमुळे चौकशीची मागणी बळकट होते, परंतु आयोग नेमण्याचा निर्णय सरकारच घेते. सरकारच्या अनुकूलतेखेरीज अशासकीय विधेयक मंजूर होणे कठीण असते. १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीने दहावी अनुसूची समाविष्ट झाल्यापासून पक्षादेशाविरुद्ध मतदान केल्यास सदस्यत्व गमवावे लागू शकते. असे बंधन फिरोज गांधी यांच्या काळात नव्हते. मात्र माहिती मिळविण्याचा आणि प्रश्न विचारण्याचा सदस्याचा अधिकार या तरतुदीने काढून घेतलेला नाही. मंत्रिमंडळ लोकसभेला सामूहिकरीत्या जबाबदार असते, हे अनुच्छेद ७५ मधील तत्त्व प्रत्यक्षात उतरते ते याच अधिकारामुळे.

फिरोज गांधी यांचे ८ सप्टेंबर १९६० रोजी दिल्लीत निधन झाले. त्या वेळी त्यांना ४८ वे वर्ष पूर्ण होण्यास चार दिवस बाकी होते. संसदेचे कामकाज आज दूरचित्रवाणीवर थेट पाहता येते आणि वृत्तपत्रे ते निर्धास्तपणे छापतात. या निर्धास्तपणामागे एका सामान्य सदस्याने मांडलेले विधेयक आहे. लोकप्रतिनिधी सभागृहात काय बोलतात हे जाणून घेणे आणि त्यावरून त्यांच्या कामाचे मूल्यमापन करणे नागरिकांना त्यामुळेच शक्य होते.