सायकलपटूला भेट द्यावी तरी काय?

व्यापारी कुटुंबात भेटवस्तूचा प्रश्न सहसा अडत नाही. चांदीचे नाणे, सुक्या मेव्याचा डबा, साडी अथवा पाकीट एवढ्यात दिवाळीपासून लग्नापर्यंतचे बहुतेक व्यवहार पार पडतात. अलीकडे मात्र अनेक घरांत एक निराळाच सदस्य दिसू लागला आहे. पहाटे साडेचारला उठून तो डोक्यावर हेल्मेट चढवतो, महामार्गाला लागतो आणि दुकानाचे शटर उघडण्यापूर्वी पन्नास-साठ किलोमीटर करून परततो. कधी हा धाकटा मुलगा असतो, कधी थोरली सून, तर कधी साठीला टेकलेले काकाही. अशा व्यक्तीच्या वाढदिवसाला नाणे द्यावे तर ते कपाटात पडते. तिच्या आवडीचे काही घ्यावे म्हणून सायकलच्या दुकानात शिरावे, तर किमती पाहूनच माणूस बाहेर येतो.

वास्तविक घाबरण्याचे कारण नाही. हिशेबाच्या भाषेत बोलायचे तर सायकल, चाके, मनगटावरचे जीपीएस घड्याळ हा भांडवली खर्च होय. तो ज्याचा त्याने, महिनोन्महिने चौकशी करून करावयाचा असतो. त्यात इतरांनी पडू नये. भेट द्यावी ती महसुली खर्चाच्या वस्तूंची. जे झिजते, संपते, फुटते वा हरवते आणि जे विकत घेण्याचा खेळाडू स्वतः कंटाळा करतो, ते त्याला द्यावे. अशा बहुतेक वस्तू हजार रुपयांच्या आत येतात.

त्यांत पहिला मान मागच्या लाल दिव्याला. पहाटेच्या अंधारात मागून येणाऱ्या ट्रकचालकाला सायकलस्वार दिसतो की नाही, हे बहुतांशी त्या चिमुकल्या दिव्यावर अवलंबून असते. चार्ज होणारा बरा दिवा पाचशे ते हजार रुपयांत मिळतो. तो पावसात टिकणारा आहे ना, एवढे पाहून घ्यावे. सोबत परावर्तक पट्ट्यांचे जाकीट द्यावे. ते तर दोनशे-तीनशे रुपयांतही येते. दीर्घ पल्ल्याच्या बीआरएम या सायकल उपक्रमात 200 किलोमीटर साडेतेरा तासांत आणि 600 किलोमीटर 40 तासांत पूर्ण करावे लागतात. तेथे रात्री पुढचा-मागचा दिवा आणि असे जाकीट यांवाचून सायकल चालवूच देत नाहीत. घरातील वडीलधाऱ्यांना या छंदाची मनातून धास्ती असते. त्यांनी उपदेशाऐवजी दिवा दिला, तर तो रोज वापरला तरी जाईल.

दुसरी वस्तू म्हणजे ट्यूब. ही घेताना थोडी हेरगिरी करावी लागते. टायरच्या बाजूवर आकडे छापलेले असतात, उदाहरणार्थ 700 x 28. ते गुपचूप टिपून घ्यावेत. मग व्हॉल्व्ह पाहावा. मोटारसायकलसारखा जाड असेल तर तो श्रेडर, आणि बारीक, टोकाला फिरवून सैल करावयाचा असेल तर प्रेस्टा. या दोन गोष्टी कळल्या की दोन जादा ट्यूब, टायर उतरवण्याचे प्लास्टिकचे लिव्हर आणि पॅच-सोल्युशनची डबी असा सुरेख संच तयार होतो. थोडी ऐपत अधिक असेल तर दाब दाखवणारा उभा पंप द्यावा. रेसिंगच्या बारीक टायरमधील हवा काही दिवसांतच उतरते, आणि अंगठ्याने दाबून तिचा नेमका अंदाज येत नाही.

व्यापाऱ्याला विशेष पटेल अशी एक छोटी वस्तू आहे. साखळीची झीज मोजणारी ही पट्टी काहीशे रुपयांत मिळते. साखळी वापराने किंचित लांबते. ती वेळेवर बदलली तर खर्च एका साखळीपुरताच राहतो. दुर्लक्ष केले तर तीच साखळी मागची दातेरी चक्रे खाऊन टाकते आणि बिल कितीतरी पटींनी फुगते. पट्टीबरोबर साखळीच्या तेलाची बाटली द्यावी. पावसाळ्यात सह्याद्रीच्या घाटांतून फिरणाऱ्यास ओल्या हवामानाचे तेल लागते, उन्हाळ्यात कोरडे. घरातले शिवणयंत्राचे तेल तेथे फार काळ टिकत नाही.

ट्रायथलॉनचा खेळाडू घरात असेल तर यादी थोडी बदलते. पोहणे, सायकल आणि धावणे हे तीन प्रकार तो सलग करतो. 2019 मध्ये गोव्यात प्रथमच झालेल्या आयर्नमॅन 70.3 स्पर्धेत 1.9 किलोमीटर समुद्रात पोहून, 90 किलोमीटर सायकल चालवून मग 21.1 किलोमीटर धावावयाचे होते. एका प्रकारातून दुसऱ्यात जाताना कपडे-बूट बदलण्याचा वेळही एकूण वेळेत धरला जातो. म्हणून ओल्या पायांनी, गाठ न मारता बूट चढवता येतील अशा ताणणाऱ्या लेस त्याला मोलाच्या वाटतात. स्पर्धेचा क्रमांक लावण्याचा लवचीक पट्टाही तसाच उपयोगी. सायकलवर तो क्रमांक पाठीकडे आणि धावताना पोटाकडे फिरवला की झाले; कपड्यांना पिना टोचाव्या लागत नाहीत. दोन्ही वस्तू मिळून हजाराच्या आतच बसतात. पोहण्याचा रबरी वेटसूट मात्र हौसेने घेऊ नये; गोव्याच्या कोमट समुद्रात त्याची गरज नसते.

खाण्याच्या वस्तू देताना वेष्टनावरील घटक वाचलेले बरे. शक्तिवर्धक म्हणून विकल्या जाणाऱ्या काही चघळगोळ्यांत जिलेटिन असते, जे प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून बनते. काही जेलमध्ये मध असतो. त्यापेक्षा राजगिऱ्याची वडी, शेंगदाण्याची चिक्की, बिया काढलेला खजूर आणि ओआरएसच्या पुड्या खिशात सहज मावतात व घशाखालीही सहज उतरतात. बैठक व हातमोजे चामड्याचे नाहीत ना, हेही दुकानदाराला स्पष्ट विचारावे. कृत्रिम पर्याय मुबलक आहेत आणि बहुधा स्वस्तही.

बैठकीवर चढवायचे जाड मऊ कव्हर नवख्याला आकर्षक वाटते, पण लांब पल्ल्याला ते सरकते आणि घासते. हेल्मेट आश्चर्याचा धक्का म्हणून देऊ नये. भुवयांच्या वर डोक्याचा घेर मोजून, घालून पाहूनच ते घ्यावे लागते. जुने, कोणाचे तरी आपटलेले तर मुळीच देऊ नये.

आणि काहीच सुचत नसेल, तर नेहमीच्या मेकॅनिककडे एका सर्व्हिसिंगचे पैसे आगाऊ भरून चिठ्ठी पाकिटात घालावी. वस्तू दिली असल्यास पावती खोक्यातच ठेवावी. ट्यूबचा आकार चुकला तर दुकानदार बहुधा बदलून देतो, फक्त वेष्टन फोडलेले नसावे.