शासकीय वृत्त आणि आप्तप्रामाण्य

शासनाच्या मुठींत असलेल्या वृत्तावर सामान्य प्रजाजन विश्वास ठेवितात काय, हा प्रश्न केवळ राजकारणाचा नाहीं. असें वृत्त पुढें साधन म्हणून संशोधकाच्याच दप्तरांत येतें. नैयायिकांनीं शब्द हें प्रमाण मानिलें, तें वक्ता आप्त असेल तरच. इ. स. १९७५–७७ च्या आणीबाणींतील वृत्त या कसोटीस लावून पाहूं.

ता. २६ जून १९७५ पासून वृत्तपत्रांवर पूर्वतपासणी बसली. फेब्रुवारी १९७६ मध्यें चार वृत्तसंस्था एकत्र करून ‘समाचार’ ही एकच संस्था करण्यांत आली. आकाशवाणी तर मूळचीच सरकारी. तथापि सर्वच वृत्त लोकांनीं खोटें मानिलें, असें म्हणणें धाडसाचें होईल. दूरची गोष्ट पडताळण्याचें साधन प्रजेजवळ नव्हतें. दाराशीं घडलेली मात्र तिला ठाऊक होती. सन १९७६–७७ त नसबंदीच्या ८१ लक्षांहून अधिक शस्त्रक्रिया झाल्याची नोंद शहा आयोगाच्या अहवालांत आहे. कार्यक्रम ऐच्छिक असल्याचें शासन सांगे. परंतु ज्या गांवीं सक्ती झाली, तेथील श्रोता स्वतःच साक्षी होता. प्रत्यक्षाशीं विरोध आला, कीं शब्दाचें प्रामाण्य उरत नाहीं.

मार्च १९७७ च्या निवडणुकींत उत्तर प्रदेशांतील ८५ व बिहारांतील ५४ जागांपैकीं काँग्रेसला एकही मिळाली नाहीं. आंध्रांत ४२ पैकीं ४१ मिळाल्या. आकाशवाणी दोहींकडे सरकारीच होती. नसबंदीचा जाच मुख्यतः उत्तरेस झाला होता. मतदानास इतरही कारणें असतात, हें खरें. तरी लोकांनीं वृत्त आपल्या अनुभवावर पारखिलें, असें अनुमान करण्यास हरकत नाहीं.

मोगल बादशहाही केवळ वाकेनवीसाच्या लेखावर विसंबत नसे. पडताळ्यासाठीं खुफियानवीस निराळा ठेवी. आणीबाणींत हा पडताळाच बुजला, आणि लोकमत जाणण्याचा राज्यकर्त्यांचा मार्गही त्याबरोबर बुजला.

संग्राहकांस एक विनंति आहे. त्या काळच्या छापील वृत्तपत्रांच्या फायली ग्रंथालयांत जतन आहेत. परंतु सायक्लोस्टाइल केलेलीं गुप्त पत्रकें, खासगी पत्रें व रोजनिशा हलक्या कागदावर, घरोघरच्या ट्रंकांत पडून आहेत. तीं रद्दींत गेलीं, तर समकालीनांनीं ज्यावर विश्वास ठेविला नाहीं, त्यावर उद्यांचा संशोधक विश्वास ठेवून बसेल.