वाघ मुक्कीला, बस्ता गोंदियाला

मध्य प्रदेशाच्या आग्नेय टोकाला, वैनगंगेच्या काठावर बालाघाट हे जिल्ह्याचं शहर आहे. २०११च्या जनगणनेत शहराची वस्ती ८४ हजारांच्या आसपास होती. जिल्ह्यात मलाजखंडला देशातली सर्वांत मोठी उघडी तांब्याची खाण आहे. शहराला जवळजवळ चिकटून असलेल्या भरवेलीला मँगनीजची अशी भूमिगत खाण आहे, जी आशियातली सर्वांत खोल मानली जाते. ईशान्येच्या जंगलात कान्हा व्याघ्र प्रकल्पाचं मुक्की प्रवेशद्वार आहे आणि तिथं वाघ पाहायला साता समुद्रापलीकडून माणसं येतात. एवढी दौलत असलेल्या गावाचा बाजार डोळे दिपवणारा असेल, असं कुणालाही वाटावं. पण घरात लग्न ठरलं की बालाघाटचं कुटुंब बस्ता बांधायला गोंदियाची गाडी धरतं आणि हात सढळ असेल तर थेट नागपूर गाठतं. वाघासाठी आलेला पाहुणा बहुधा शहरात पायच ठेवत नाही. मग इथल्या दुकानदाराच्या गल्ल्यात पैसा येतो कुठून? त्याचं खरं उत्तर धानाच्या बांधीत आहे, पण तिथवर पोचायला आधी थोडा इतिहास पाहावा लागतो.

बालाघाट जिल्हा १८६७ साली भंडारा, मंडला आणि सिवनी या जिल्ह्यांचे तुकडे जोडून झाला. तो मध्य प्रांतात होता आणि त्या प्रांताची राजधानी नागपूर. पुढं बंगाल नागपूर रेल्वेनं गोंदियाहून उत्तरेकडं सातपुड्यात अडीच फुटी रूळ टाकले. १९०३मध्ये गाडी नैनपूरपर्यंत आणि १९०५च्या सुमारास जबलपूरपर्यंत पोचली. या छोट्या लाईनीनं इथला धान, लाकूड आणि मँगनीज गोंदियाला नेलं आणि परतीच्या डब्यांतून कापड, मीठ, भांडी आणली. व्यापाराची वाट एकदा पडली की ती सहसा मोडत नाही. १९५६च्या राज्यपुनर्रचनेत गोंदियासह भंडारा मुंबई राज्यात गेला आणि बालाघाट नव्या मध्य प्रदेशात राहिलं. कोर्टकचेरीसाठी जबलपूर, मंत्रालयासाठी भोपाळ अशी विभागणी कागदावर झाली. खरेदीची, दवाखान्याची आणि सोयरिकीची दिशा मात्र दक्षिणेकडंच राहिली. पवार, कुणबी, मरार, कोष्टी, लोधी अशा समाजांची नाती सीमेवरच्या बाघ नदीच्या दोन्ही तीरांवर पसरलेली आहेत. राजेगावचा पूल ओलांडला की राज्य बदलतं, पण मामाचं गाव तेच असतं. राजधानी बदलून सत्तर वर्षं होत आली तरी बाजार बदलला नाही, हे बालाघाटचं सर्वांत ठळक वैशिष्ट्य आहे, असं मला वाटतं.

आता धानाकडं येऊ. तलाव, बोड्या आणि वैनगंगेचं पाणी यांमुळं जिल्ह्याचा सखल भाग भाताचं कोठार झाला आहे. सरकारी खरेदी साधारण डिसेंबरच्या आरंभी सुरू होते. २०२५-२६च्या हंगामात साध्या धानाचा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये होता. खरेदी केंद्रावर तोलून दिलेल्या मालाचे पैसे बँकेच्या खात्यात यायला काही दिवस किंवा आठवडे जातात. ते आले की वर्षाची उधारी फिटते, दुकानातल्या खातेवहीची पानं मिटतात आणि सराफाकडं व दुचाकीच्या शोरूमात लोक दिसू लागतात. शेजारच्या छत्तीसगडात तोच धान २०२३-२४पासून ३,१०० रुपयांनी घेतला जातो. त्यामुळं पूर्वेच्या सीमेवर दरवर्षी धान चोरून पलीकडं नेण्याचा खटाटोप चालतो आणि त्याला अडवायला नाकी बसवावी लागतात. म्हणजे माल पूर्वेला जाऊ पाहतो आणि ग्राहक दक्षिणेला जातो. दोन राज्यांच्या मध्ये सापडलेल्या जिल्ह्याचं अर्थशास्त्र एवढ्यात कळतं.

हमीभावाचा पैसा येण्याआधीच, दिवाळीच्या सुमारास, हलक्या जातीचा धान कापून होतो. त्यातला थोडा व्यापाऱ्याला विकून रोकड हाती येते. ती रोकड मंडईत खर्च होते. मंडई म्हणजे भाजीबाजार नव्हे. झाडीपट्टीत, म्हणजे भंडारा, गोंदिया, बालाघाटच्या पट्ट्यात, भाऊबीजेनंतर गावोगाव भरणारी ही वार्षिक जत्रा आहे. प्रत्येक गावाचा दिवस ठरलेला असतो, त्यामुळं फिरता दुकानदार आज या गावात तर उद्या त्या गावात पाल ठोकतो. मोरपिसांनी सजवलेली उंच ढाल घेऊन गोवारी नाचतात. तलावांतले ताजे शिंगाडे आणि ऊस यांचे ढीग लागतात. जिलेबीची कढई दुपारपासून तापते. बांगड्या, फुगे, प्लॅस्टिकची खेळणी, स्वेटर, विळे, कुऱ्हाडी सगळं एका रांगेत मिळतं. लेकी-जावयांना आमंत्रण असतं आणि पाहुण्यांनी घर भरल्यावर मुलामुलींच्या स्थळांची बोलणी निघतातच. रात्री दंडार किंवा नाटक, त्यासाठी कुठं तिकीट, कुठं गावची वर्गणी. एका दिवसात एका खेड्यात जी उलाढाल होते, तिची नोंद कुठल्याही सरकारी तक्त्यात नसते. जिल्ह्याच्या किरकोळ व्यापाराचा अभ्यास कुणाला करायचा असेल तर मॉलची वाट न पाहता त्यानं महिनाभर मंडया फिराव्यात.

मंडईत झालेली बोलणी मार्च ते मे महिन्यांच्या लग्नसराईत पक्की होतात आणि मग बस्ता निघतो. नवरीच्या साड्या, मानपानाचं कापड, भांडी, पलंग-कपाट या यादीतलं पुष्कळसं बालाघाटातही मिळतं. तरी गोंदियाला जायचं कारण निव्वळ भावात नसतं. तिथला ठोक कापडबाजार मोठा, निवड जास्त, आणि ‘बस्ता गोंदियाहून आणला’ या वाक्याला घरात वजन असतं. गोंदियाला जाणारी गाडी तासाभरात पोचवते. बालाघाटच्या कापड दुकानदाराचा खरा प्रतिस्पर्धी त्यामुळं गल्लीत नसून चाळीसेक किलोमीटरवर आहे.

जंगलभागाचं वेळापत्रक वेगळं आहे. बैहर, बिरसा, परसवाडा, लांजी या भागांत गोंड आणि बैगा कुटुंबांच्या हाती रोकड येते ती उन्हाळ्यात, मोहफुलं आणि तेंदूपत्त्यातून. तेंदूच्या पन्नास पानांची एक गड्डी आणि हजार गड्ड्यांचा एक मानक बोरा असा हिशेब असतो. मध्य प्रदेशात २०२४पासून या बोऱ्याचा दर ४,००० रुपये आहे. म्हणजे एक रुपया कमवायला साडेबारा पानं खुडायची, आणि तीही मे महिन्याच्या उन्हात, पहाटे उठून. हा पैसा पावसाळ्यापूर्वीच्या आठवडी बाजारांत मीठ, तेल, छत्री, बियाणं आणि शाळेच्या दप्तरांत मुरतो.

या हंगामी पैशात २०२३च्या १० जूनपासून एका नव्या पैशाची भर पडली. राज्य सरकारच्या लाडली बहना योजनेचा पहिला १,००० रुपयांचा हप्ता त्या दिवशी बायकांच्या खात्यांत पडला. पुढं तो १,२५० आणि २०२५च्या नोव्हेंबरपासून १,५०० रुपये झाला. रक्कम छोटी, पण दर महिन्याला येणारी आणि बाईच्या नावावर. २०११च्या जनगणनेत बालाघाट जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागं १,०२१ स्त्रिया होत्या. हे प्रमाण मध्य प्रदेशात सर्वाधिक होतं. धानाचा पैसा वर्षातून एकदा घरधन्याच्या खात्यात येतो आणि मोठ्या वस्तूंवर जातो. हा पैसा महिन्याला येतो आणि किराणा, साबण, पोरांची वह्यापुस्तकं, एखादी साडी यांवर जातो. किराणा दुकानदाराला यातलं काय हवंसं असतं, हे सांगायला नको.

देशभरातही खर्चाचा तोंडवळा बदलतो आहे. १९९९-२०००मध्ये ग्रामीण कुटुंबाच्या दर शंभर रुपयांतले सुमारे ५९ रुपये खाण्यावर जात. २०२३-२४च्या पाहणीत ते ४७वर आले. उरलेल्या रुपयांत मोबाइलचं रिचार्ज, पेट्रोल, शिकवण्या आणि पाकीटबंद खाऊ आला. १ जुलै २०१७ला जीएसटी आल्यावर मध्य प्रदेशचा जुना प्रवेश कर गेला आणि राज्याच्या नाक्यावर अडणारा माल सरळ येऊ लागला. २२ सप्टेंबर २०२५ला ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, तोही धान कापणीच्या तोंडावर.

एक वस्तू मात्र या एकसारख्या करातून सुटली आहे. पेट्रोल-डिझेलवर प्रत्येक राज्य स्वतःचा कर लावतं. २०२१च्या ऑक्टोबरअखेरीस बालाघाटात पेट्रोल लिटरला १२० रुपयांच्या वर गेलं होतं. सीमेपलीकडं ते स्वस्त असेल तेव्हा गोंदियाला गेलेला माणूस टाकी भरूनच परततो. पंपवाल्याच्या दृष्टीनं राजेगावचा पूल म्हणजे टाकीला पडलेलं भोक आहे.

आता वाघाकडं. कान्हा १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झालं आणि १९७३मध्ये व्याघ्र प्रकल्पाच्या पहिल्या यादीत आलं. गाभाक्षेत्र सुमारे ९४० चौरस किलोमीटर, मंडला आणि बालाघाट अशा दोन जिल्ह्यांत वाटलेलं. खटिया आणि सरही ही प्रवेशद्वारं मंडल्यात, मुक्की बालाघाटात. कठीण जमिनीवरचा बारशिंगा १९७०मध्ये इथं अवघा ६६ उरला होता. तो वाचवला गेला आणि २०१७मध्ये ‘भूरसिंग’ या नावानं उद्यानाचं शुभचिन्हही झाला.

या जंगलातली ग्राहकसेवा जगातल्या बाजारांहून उलटी चालते. इथं मागणी वाढली म्हणून माल वाढवता येत नाही. २०१२च्या जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयानं व्याघ्र प्रकल्पांच्या गाभ्यातलं पर्यटन काही काळ थांबवलं होतं. ऑक्टोबरमध्ये ते पुन्हा सुरू झालं ते नव्या नियमांसह. गाभ्याचा जास्तीत जास्त २० टक्के भागच पाहुण्यांसाठी खुला ठेवता येतो. गाड्यांची संख्या ठरलेली, एका जिप्सीत सहा पाहुणे, सोबत गाइड सक्तीचा. साहजिकच पैसा फेरीच्या तिकिटापेक्षा मुक्कामावर वाढत गेला. बंजर नदीच्या काठी तंबूंची महागडी निवासं उभी राहिली, राज्य पर्यटन महामंडळाचं विश्रामगृहही मुक्कीला आहे.

पण हा पैसा जातो कुठं? बराचसा पाहुणा जबलपूर, रायपूर किंवा नागपूरच्या विमानतळावरून मोटारीनं येतो. त्याचं आरक्षण मुंबई-दिल्लीत झालेलं असतं आणि तीन दिवसांत तो खातो-पितो तेही निवासाच्या आवारातच. त्याच्या खर्चाचा मोठा हिस्सा जिल्ह्याला न शिवता परत जातो. अर्थशास्त्रज्ञ याला गळती म्हणतात. कॅरिबियन बेटांपासून आफ्रिकेच्या सफारी रानांपर्यंत हेच दुखणं आहे. बालाघाटच्या वाट्याला पर्यटकाचा रुपया येतो तो पगार होऊन. गाइड, जिप्सीचालक, स्वयंपाकी, माळी, खोली आवरणाऱ्या बाया हे आसपासच्या खेड्यांतले, पुष्कळसे गोंड आणि बैगा. तो पगार बैहरच्या बाजारात खर्च होतो आणि बैहरचा दुकानदार त्याचा माल बालाघाटहून उचलतो. १ जुलै ते ३० सप्टेंबर गाभा बंद असतो, तेव्हा तोही झरा आटतो आणि माणसं रोवणीला लागतात.

पाहुण्यानं शहरात यावं असं विकायला काही नाही, असं नाही. जिल्ह्यातल्या चिन्नोर या सुवासिक तांदळाला २०२१मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. उंच वाढणारं, उशिरा पिकणारं, कमी उतारा देणारं हे वाण. हमीभावाच्या तराजूवर सुगंधाला किंमत नसल्यानं शेतकरी ते घरापुरतंच पेरू लागला होता. वारासिवनी आणि मेहंदीवाड्याच्या कोष्टी विणकरांच्या हातमागावरच्या साडीला २०२३मध्ये असंच मानांकन मिळालं. दोन्ही वस्तू ओळखीच्या, वजनानं हलक्या, घरी नेण्याजोग्या. तरीही मुक्कीहून परतणाऱ्या मोटारींत वाघाच्या चित्राचे टी-शर्टच जास्त असतात, जे देशातल्या कुठल्याही उद्यानाबाहेर मिळाले असते. बालाघाटच्या पर्यटनात काही चुकत असेल तर ते इथं चुकतं, असं माझं स्पष्ट मत आहे. हट्ट्याची बावडी, लांजीचा किल्ला, रामपायलीचं चंदन नदीकाठचं राममंदिर, गांगुलपाऱ्याचा धबधबा यांच्याबद्दलही हेच म्हणता येईल. जिल्ह्यातली माणसं तिथं डबा घेऊन जातात, बाहेरचा पाहुणा क्वचितच.

नक्षली हिंसेची भीती हे यामागचं एक कारण होतं. १९९९च्या डिसेंबरात राज्याचे मंत्री लिखीराम कावरे यांची त्यांच्या गावात हत्या झाली आणि त्यानंतर कितीतरी वर्षं लांजी-बैहरच्या रस्त्यांचं नाव काढलं की बाहेरचा माणूस बिचकत असे. दुसरं कारण दळणवळण. छोटी लाईन २०१५मध्ये थांबली आणि गोंदिया ते जबलपूर सलग रुंद मार्ग व्हायला आणखी पाचेक वर्षं गेली. आता त्या रुळांवरून लांब पल्ल्याच्या गाड्या धावतात. २०२५च्या ऑगस्टपासून रीवा-पुणे गाडी बालाघाटवरून जाते.

तेव्हा नागपूरकडून कान्हाला निघालेल्या वाचकांनी सिवनीच्या वाटेऐवजी एकदा तुमसर, वारासिवनी, बालाघाट, बैहर असं जावं. वारासिवनीत विणकराच्या घरी साडी पाहावी आणि चिन्नोर घ्यायचा असेल तर नवा धान भरडून झाल्यावर, जानेवारीनंतर घ्यावा. मुक्कीची फेरी बुधवारी दुपारी बंद असते, तो दिवस बालाघाटच्या बाजाराला द्यावा.